दोन मतं कमी पडली असती तर

नमस्कार मंडळी.

जर-तरचा इतिहास म्हटला की आपण मराठी माणसं थेट पानिपतावर जाऊन उभे राहतो. आजचा विषय मात्र एका मतदानाचा आहे. मे 1966, जिनिव्हा. जागतिक आरोग्य संघटनेच्या वार्षिक सभेपुढे देवीच्या रोगाच्या निर्मूलनासाठी दरवर्षी 24 लाख डॉलरची तरतूद आली आणि अवघ्या दोन मतांनी तरली. महासंचालक मार्कोलिनो कांदाव यांचाच या मोहिमेवर विश्वास नव्हता. 1955पासून चाललेली मलेरियाची मोहीम रुतलेली त्यांना रोज दिसत होती.

ती दोन मतं कमी पडली असती, तर जग कसं असतं? त्यासाठी फार कल्पना लढवायची गरज नाही, 1959 ते 1966 ही वर्षं बघितली तरी पुरे. सोव्हिएत संघाच्या व्हिक्टर झ्दानोव यांनी 1958 साली प्रस्ताव मांडला, 1959 साली ठराव झाला, पण पैसा आणि माणसं जवळपास नाहीतच. प्रत्येक देशाने आपापल्या देवी काढाव्यात, एवढाच त्याचा अर्थ उरला.

भारताने त्या काढल्याही. 1962पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात कोट्यवधी लोकांना टोचलं गेलं, तरी रोग हटेना. याचं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे. टोचणाऱ्याला आकडा पुरा करायचा असे, आणि आकडा सर्वांत सोपा मिळे तो शाळेत. त्यामुळे तीच मुलं पुन्हा पुन्हा टोचली जात. तान्ही बाळं, फिरते मजूर, वस्तीच्या टोकाची घरं सुटून जात. पातळ लस उन्हात वाया जाई. शिवाय शंभरातली जेमतेम एक केस कागदावर येत असल्याने रोग नक्की कुठे आहे, हेच वरच्यांना कळत नसे.

पैसा मंजूर झाल्यावर 1967पासून संघटनेने जे केलं, त्यात हुकूम चालवण्याचा भाग फार थोडा होता. तिच्याकडे पोलीस नव्हते, कायद्याचा दंडुका नव्हता. तिच्याकडे होती मोजमापं. कुठलीही लस वापरात आणण्याआधी तिचे नमुने टोरांटो किंवा बिल्टहोव्हन इथल्या प्रयोगशाळेत तपासून घ्यायचे. गोठवून सुकवलेली लस 37 अंशांत महिनाभर टिकली पाहिजे, ही कसोटी. भारतात ही लस चार ठिकाणी बनू लागली, त्यातलं एक आपलं बेळगाव.

दुसरी गोष्ट सुईची. पूर्वी दंडावर गोल पातं दाबून फिरवत. ज्येष्ठांच्या दंडावरचे मोठे वण बहुतेक त्याचेच. नवी सुई बोटाएवढ्या लांबीची, टोकाला दोन दात. लसीत बुडवून उचलली की दातांच्या मध्ये बरोबर एक थेंब अडकतो, 0.0025 मिलिलीटर. मनगट दंडावर टेकवायचं, सुई उभी धरायची आणि पाच मिलिमीटरच्या जागेत भराभर 15 वेळा टोचायचं. रक्ताचा बारीक ठिपका दिसला पाहिजे, तो नसेल तर टोचणं वरवरचं झालं. आधी दंड स्पिरिटने पुसायचा नाही, कारण ओल्या स्पिरिटने लसच मरते. चूक नेमकी इथे होई, कारण शिकलेल्या परिचारिकेचा हात सवयीने कापसाकडे जाई. पाव मिलिलीटरच्या कुपीत 100 माणसं होत. सुई उकळून पुन्हा वापरता येई आणि गावातल्या कुणालाही पंधरा मिनिटांत शिकवता येई. ज्या कंपनीने ती बनवली, तिने संघटनेकडून हक्काचे पैसे घेतले नाहीत.

पण माझ्या मते खरी कळ होती शोधात. देवीचा रोगी अंगावर पुरळ उठण्याच्या सुमारास संसर्ग देऊ लागतो, त्याआधी नाही. लागण झाल्यापासून तीन-चार दिवसांत टोचलं, तर बहुधा रोग टळतो. म्हणजे सगळ्या देशाला टोचत बसण्याऐवजी रोगी शोधायचा आणि त्याच्या आसपासच्या माणसांना टोचून त्याच्याभोवती कडं करायचं. अमेरिकी डॉक्टर विल्यम फेगी यांनी 1966च्या अखेरीस पूर्व नायजेरियात लस अपुरी असताना हे करून पाहिलं. भारतात ऑक्टोबर 1973मध्ये कर्मचारी रोग्याचा फोटो असलेलं कार्ड घेऊन घरोघर फिरले, आणि एकट्या उत्तर प्रदेश व बिहारमध्ये सुमारे 10,000 रोगी उजेडात आले. आकडे एकदम फुगल्यामुळे मोहीम फसली असा ओरडा झाला. खरं तर प्रथमच कुणीतरी नीट मोजत होतं. पुढे रोग्याच्या दारावर रात्रंदिवस पहारा आणि खबर देणाऱ्याला बक्षीस सुरू झालं. 1974 साली देशात 1,88,000 केस होत्या. 1975च्या मेमध्ये शेवटची.

हा सगळा व्याप एकट्या देशाला झेपला असता का? मला नाही वाटत. बांगलादेश, तेव्हाचा पूर्व पाकिस्तान, 1970मध्ये देवीमुक्त झाला होता. 1971च्या युद्धानंतर कलकत्त्याच्या छावण्यांतून निर्वासित घरी परतले, आणि त्यांच्याबरोबर देवीही. 1972 साली इराकहून आलेल्या एका यात्रेकरूमुळे युगोस्लाव्हियात 175 जण आजारी पडले, 35 दगावले. सीमेच्या दोन्ही बाजूंना तीच सुई, तेच कार्ड, तेच आठवड्याचे आकडे असल्याशिवाय हे थांबत नाही.

मग दहा-पंधरा वर्षांनी परत मतदान झालं असतं तर? इथेच मला धस्स होतं. देवीची लस जिवंत विषाणूची असते, आणि ज्याची प्रतिकारशक्ती खचली आहे त्याच्या अंगभर ती पसरू शकते. 1980च्या दशकात प्रतिकारशक्ती खचवणारा एचआयव्ही आफ्रिकेत पसरला, म्हणजे तेव्हा सर्रास टोचणंच धोक्याचं झालं असतं. नैसर्गिक देवीचा जगातला शेवटचा रोगी सोमालियातला, ऑक्टोबर 1977. पहिल्या एड्स रुग्णांची नोंद छापून आली 1981च्या जूनमध्ये. मधे चार वर्षंही नाहीत. त्या पर्यायी जगात 1980 नंतर जन्मलेल्यांच्याही दंडावर आज वण असता, आणि इथे येताना आपल्या प्रत्येकाच्या पासपोर्टात, दर तीन वर्षांनी शिक्का मारून घेतलेलं देवीचं पिवळं कार्ड.