मदत मागायला जायचं कुठं?

नमस्कार श्रोतेहो.

मी एका तालुका न्यायालयाच्या आवारात, विधी सेवा समितीच्या खोलीत बसते. वकील नाही, विधी स्वयंसेवक. आलेल्या माणसाचा अर्ज लिहून द्यायचा, कुठल्या खोलीत जायचं ते सांगायचं, कधी सोबत जायचं, हे माझं काम. आमच्याकडं येणारी बाई बहुतेक वेळा दारातूनच विचारते, "हे इथंच होतं ना?" तोवर तिनं पोलीस ठाणं पाहिलेलं असतं, तहसील पाहिलेली असते, एखाद्या पुढाऱ्याचं संपर्क कार्यालयही पाहिलेलं असतं. सगळीकडं उत्तर एकच, 'हे आमच्याकडं नाही.' मग आहे कुणाकडं, ते मात्र कुणी सांगत नाही.

आज तेवढंच सांगायचंय. घरात मारहाण होतेय, छळ होतोय, रात्री घराबाहेर काढलंय, तर पहिलं दार कोणतं आणि तिथं गेल्यावर बोलायचं काय.

हे सगळं फोनवर शोधलं की मिळतं, असं शहाणी माणसं सांगतात. मिळतं, खरं आहे. पण ज्या घरात नवरा किंवा दीर रोज रात्री फोन हातात घेऊन 'आज काय काय बघितलंस' म्हणून तपासतो, तिथं शोधायचं कसं? रेडिओ ऐकल्याची खूण कुठं राहत नाही. भाकऱ्या थापता थापता कानावर पडलेला आकडा डोक्यात बसला की झालं. आकडे लहानच आहेत.

पहिला ११२. एक, एक, दोन. आत्ता मार पडतोय, दार तोडतायत, लेकरू धोक्यात आहे, अशा वेळी हा. पोलिसांची गाडी येते. पत्ता सांगताना नुसत्या गावाच्या नावावर थांबू नका. वस्ती, जवळचं देऊळ, शाळा, पाण्याची टाकी, रस्त्यावरून दिसेल असं काहीतरी सांगा. घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या घराचा पत्ताही धड सांगता येत नाही. तेव्हा आजच तो एकदा मनातल्या मनात म्हणून ठेवा.

दुसरा १८१. एक, आठ, एक. ही महिला हेल्पलाइन. मार आत्ता चालू नाही, पण उद्या होणार हे माहीत आहे, काय करावं सुचत नाही, तेव्हा इथं फोन करा. पैसे पडत नाहीत. तक्रार नोंदवलीच पाहिजे असंही नाही. "मला नुसतं विचारायचंय" म्हटलं तरी चालतं. फोन शेजारणीच्या मोबाइलवरून केलात तर उत्तम. स्वतःच्या फोनवरून केलात तर यादीतून नंबर काढून टाका. आणि एक प्रश्न हमखास विचारा, "माझ्या जिल्ह्यातलं सखी केंद्र कुठं आहे?"

सरकारी पाटीवर त्याचं नाव 'सखी वन स्टॉप सेंटर' असं असतं. दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर निधी उभा राहिला आणि २०१५ पासून ही केंद्रं जिल्ह्याजिल्ह्यांत सुरू झाली. बरेचदा ती सरकारी रुग्णालयाच्या आवारात किंवा जवळपास असतात. दवाखाना, पोलीस, वकील आणि समुपदेशक यांच्याशी एकाच जागेवरून गाठ घालून द्यायची, ही कल्पना. अडचणीच्या वेळी पाच दिवसांपर्यंत राहताही येतं. मुलं सोबत नेता येतात, पण मोठ्या मुलग्यांसाठी वयाची अट आहे. ती निघण्याआधी फोनवरच विचारून घ्या, म्हणजे रात्री अकराला वाढत्या वयाचा मुलगा सोबत घेऊन दारात वाद घालायची पाळी येणार नाही. सगळी केंद्रं सारखी चालतात असं मी म्हणणार नाही. कुठं माणसं अपुरी, कुठं पाटी शोधूनही सापडत नाही. म्हणून १८१ वाल्यांना सांगायचं, "तुम्हीच तिथं फोन लावून ठेवा, मी येतेय."

आता दवाखान्याविषयी जरा सविस्तर बोलते, कारण इथंच फार नुकसान होतं.

मार लागलाय तर आधी दवाखाना. खिडकीवर केसपेपर निघतो. डॉक्टर विचारतात, "कसं लागलं?" शेजारी सासू उभी असते, नाहीतर खुद्द तोच. बाई म्हणते, "मोरीत पाय घसरला." डॉक्टरांना मागं चाळीस माणसं बघायची असतात. ते तेच लिहितात. पुढं प्रकरण न्यायालयात गेलं की समोरचा वकील तोच कागद काढून विचारतो, "बाई, तुम्ही तर पडला होतात ना?" तिथं बोलती बंद होते.

म्हणून डॉक्टरांना किंवा सिस्टरांना हळूच सांगा, "मला एकटीला बोलायचंय." हे मागणं मुळीच विचित्र नाही. मग सरळ सांगा. कुणी मारलं, कशानं मारलं, कधी मारलं. 'नवऱ्याने काल रात्री पट्ट्याने मारले' हे शब्द त्या कागदावर उतरले पाहिजेत. पोलिसांत जायचं तुमचं अजून ठरलं नसेल, तरीही हेच सांगा. आणि परत येताना झेरॉक्स काढा. बलात्कार किंवा ॲसिड हल्ला झाला असेल, तर सरकारी असो वा खाजगी, कुठल्याही रुग्णालयानं तातडीचे उपचार मोफत करायचे असा कायदा आहे. 'आधी पोलिसांत जाऊन या' असं म्हणून परत पाठवता येत नाही.

मुंबईकर श्रोत्यांसाठी एक गोष्ट. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली महानगरपालिका आणि सेहत या संस्थेनं मिळून 'दिलासा' नावाचा कक्ष उघडला. जखमेवर पट्टी करणाऱ्यांनीच जखमेमागची हकिकतही विचारावी, ही त्यामागची दृष्टी. आपल्याकडं रुग्णालयात असं केंद्र पहिल्यांदा तिथं झालं. पुढं पालिकेच्या आणखी रुग्णालयांतही 'दिलासा' आलं. केसपेपर काढतानाच विचारा.

पोलीस ठाण्याचं काय? तिथला नेहमीचा प्रकार म्हणजे एन. सी. बाई सांगते, "मी केस केलीय," आणि पदरातून घडी घातलेला कागद काढते. बघावं तर अदखलपात्र नोंद. तिचा अर्थ एवढाच की तुमचं म्हणणं लिहून घेतलं. तपास सुरू झालेला नसतो. तरी तो कागद फेकू नका, जपून ठेवा, कारण दोन वर्षांत चार एन. सी. जमल्या तर त्या एकत्र ठेवल्या की छळाची सगळी साखळी दिसते. पण नवऱ्यानं किंवा सासरच्यांनी केलेला क्रूर छळ हा दखलपात्र गुन्हा आहे. ज्याला सगळे चारशे अठ्ठ्याण्णव म्हणायचे, ते आता, १ जुलै २०२४ पासून, भारतीय न्याय संहितेचं कलम ८५. त्यासाठी "माझा एफ. आय. आर. नोंदवा" असं स्पष्ट म्हणा. 'ही आमची हद्द नाही' हेही कारण चालत नाही. शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवून तो त्या ठाण्याकडं पाठवायचा असतो. एफ. आय. आर. ची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. नोंदवलाच नाही, तर पोलीस अधीक्षकांना टपालानं अर्ज करा. आणि कुठंही अर्ज दिलात तरी दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पोच नाही तर अर्ज नाही, असंच समजा.

कितीतरी बायकांना मात्र नवरा तुरुंगात जायला नकोच असतो. त्यांना मारहाण थांबायला हवी असते, घर हवं असतं, पोरांच्या शाळेची फी हवी असते. त्यांच्यासाठी वेगळा रस्ता आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, अंमलात आला २६ ऑक्टोबर २००६ ला. इथं भेटायचं माणूस म्हणजे संरक्षण अधिकारी. पत्ता जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात मिळतो, बऱ्याच तालुक्यांतही हे अधिकारी बसतात. ते तुमची हकिकत एका ठरलेल्या नमुन्यात लिहून घेतात, त्याला कौटुंबिक घटना अहवाल म्हणतात, आणि ती न्यायदंडाधिकाऱ्यांकडं पाठवतात. त्यात मारहाणच हवी असं नाही. शिव्या, टोमणे, घरखर्चाला पैसे न देणं, दागिने काढून घेणं, हेही येतं.

या कायद्यानं काय मिळू शकतं? मारू नये, जवळ येऊ नये असा संरक्षण आदेश. खर्चासाठी पैसे. मुलांचा तात्पुरता ताबा. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे राहण्याचा हक्क. घर सासऱ्यांच्या नावावर आहे, तुझा काय संबंध, हे वाक्य आमच्या खोलीत रोज ऐकू येतं. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सून त्या घरात नांदलेली असेल, तर घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी ती तिथं राहण्याचा हक्क मागू शकते. घर तिच्या नावावर होत नाही, पण कायद्याची वाट सोडून हाताला धरून तिला बाहेर काढता येत नाही. फारकत घ्यायलाच हवी असं नाही. आणि अर्ज सासरच्याच गावी करावा लागतो हाही गैरसमज. माहेरी आलात, मावशीकडं राहताय, आश्रयगृहात आहात, तर त्या भागातल्या न्यायालयातही अर्ज चालतो.

कायदा म्हणतो पहिली तारीख साधारण तीन दिवसांत, निकाल शक्यतो साठ दिवसांत. प्रत्यक्षात तारखा पडत राहतात, खोटं कशाला सांगू? म्हणूनच अंतरिम, म्हणजे निकालाआधीचा तात्पुरता, आदेश मागायचा. तो समोरचा हजर नसतानाही मिळू शकतो, आणि आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हीही होऊ शकतं.

वकिलाचे पैसे कुठून आणायचे? आणायचे नाहीत. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार बाईला मोफत वकील मिळतो. तिचं उत्पन्न किती, हे बघितलं जात नाही. शिक्षिका असो की शेतमजूर. नंबर १५१००, एक पाच एक शून्य शून्य. किंवा कुठल्याही न्यायालयात जाऊन विधी सेवेची खोली विचारा, साध्या कागदावर अर्ज चालतो. दिलेला वकील लक्ष देत नसेल तर बदलूनही मागता येतो, आणि 'साहेब, खर्चाचं काय' म्हणून कुणी हात पुढं केला, तर तेही आम्हाला येऊन सांगा.

समुपदेशन म्हटलं की बायका कचरतात. समजूत घालून परत नांदायला पाठवतील, ही भीती. काही ठिकाणी ती खरीही ठरते. "थोडं सोसून घे" असं कुणी म्हणायला लागलं, तर ते समुपदेशन नव्हे, उठून यावं. चांगलं काम बघायचं तर महिला व मुलांसाठीचे विशेष कक्ष. १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं पहिला कक्ष सुरू केला. आता ते राज्यभर पोलिसांच्या आवारात आहेत, आणि तिथं बोलणारं माणूस गणवेशातलं नसून समाजकार्य शिकलेलं असतं. काही शहरांत पोलिसांचे भरोसा सेलही आहेत. झोप उडालीय, जीव नकोसा झालाय, असं वाटत असेल तर १४४१६, टेलीमानस, ही मनाच्या आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं, रात्रीही.

राहण्याच्या सोयीबद्दल. सखी केंद्रातल्या पाच दिवसांनंतर पुढं काय, तर शक्ती सदन, म्हणजे पूर्वीची स्वाधार आणि उज्ज्वला गृहं, आणि शासकीय महिला राज्यगृहं. तिथली वाट सखी केंद्र किंवा संरक्षण अधिकारी करून देतात. 'आश्रमात राहिलेली बाई' म्हणून नाकं मुरडणारे भेटतात. १८६३ मध्ये पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तेव्हाही मुरडली होती. अशाच आश्रयाला आलेल्या एका विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला आणि तो डॉक्टर झाला.

घर सोडायची वेळ आलीच, तर एक पिशवी आधीपासून तयार असावी. आधार, रेशन कार्डाची झेरॉक्स, बँकेचं पासबुक, मुलांचे जन्मदाखले, लग्नपत्रिका, लग्नातला एखादा फोटो, दागिन्यांच्या पावत्या, चालू गोळ्या. लग्नपत्रिका ऐकून हसू येतं, पण लग्नाची नोंदणी नसली की तीच उपयोगी पडते. पिशवी घरात ठेवू नका.

ती कुठं ठेवायची, हे मी शेजाऱ्यांना विचारते. तुम्ही भिंतीपलीकडून ऐकता, मग टीव्हीचा आवाज वाढवता. 'नवरा-बायकोचं भांडण, आपण मध्ये पडलो तर उद्या आपल्यावरच यायचं.' कायदा उलट सांगतो. असं घडतंय याची खबर कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला देऊ शकतं, आणि चांगल्या हेतूनं दिली असेल तर तुमच्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. तेवढाही धीर होत नसेल, तर दाराची कडी वाजवा, विरजण मागा, लाइट गेली का विचारा. दार उघडावं लागलं की उगारलेला हात बहुधा खाली येतो. मात्र आत शस्त्र असेल, आवाज वेगळाच वाटत असेल, तर कडी वाजवायला जाऊ नका, आधी ११२. आणि दुसऱ्या दिवशी ती नळावर एकटी भेटली की प्रश्न विचारत बसू नका. १८१ एवढा आकडा सांगा, आणि तिची पिशवी तुमच्या कपाटात राहील, हे सांगा.

नमस्कार.