माणसं वाढवा, डिशेस नव्हे

(दृश्य : पेशीसंवर्धनाची खोली. इनक्युबेटरचं दार उघडतं.)

2012 साली ब्रिटनमध्ये वेलकम ट्रस्ट आणि मेडिकल रिसर्च कौन्सिल यांनी एका प्रकल्पासाठी 1 कोटी 27.5 लाख पौंड मंजूर केले. प्रकल्पाचं नाव हिपसाय. लंडनचं किंग्ज कॉलेज आणि केंब्रिजजवळची सँगर इन्स्टिट्यूट त्यात आघाडीवर होत्या. प्रश्न होता : निरोगी माणसा-माणसांच्या डीएनएतला फरक त्यांच्या पेशींच्या वागण्यात उतरतो का, आणि किती? असा प्रकल्प उभारायचा, तर निधीच्या अर्जात पैसा कुठे घालावा, हे इथे पाहू.

मेंदूचा तुकडा शेकडो निरोगी माणसांकडे मागता येत नाही, त्वचेचा मागता येतो. शिन्या यामानाका यांनी 2006 मध्ये उंदराच्या आणि 2007 मध्ये माणसाच्या त्वचेतल्या पेशी चार जनुकांच्या जोरावर मूलपेशींच्या, म्हणजे कुठल्याही प्रकारची पेशी बनू शकणाऱ्या पेशींच्या, अवस्थेत परत नेल्या. या आयपीएस पेशी. त्यांच्यापासून चेतापेशी घडवा किंवा हृदयपेशी, डीएनए त्याच माणसाचा राहतो.

(दृश्य : सूक्ष्मदर्शकाखाली त्वचेच्या तुकड्यातून बाहेर सरकणाऱ्या पेशी.)

काही मिलिमीटरचा तुकडा घेतात आणि बारीक करून डिशमध्ये चिकटवतात. त्यातून फायब्रोब्लास्ट, म्हणजे त्वचेच्या आतल्या थरातल्या पेशी, बाहेर येतात. डिश भरायला काही आठवडे जातात. मग सेंदाई विषाणूमार्फत ती चार जनुकं आत सोडली जातात. हा विषाणू डीएनएत घुसत नाही. पेशी विभागत गेल्या की विरळ होत संपतो. तीन-चार आठवड्यांनी आयपीएस पेशींच्या वसाहती दिसू लागतात. त्यातली एकेक उचलून वेगळी वाढवली की एक सेल लाइन तयार होते. इथून खरा खर्च सुरू होतो. 37 अंश तापमान, 5 टक्के कार्बन डायऑक्साइड, मीडियम (पेशींचं पोषक द्रव) बहुधा रोज बदलायचं, रविवारीसुद्धा. पेशी सुट्या केल्या तर मोठ्या संख्येने मरतात, म्हणून वाढवताना त्यांचे पुंजकेच उचलतात.

निधीचा अर्ज लिहिताना सगळ्यात महागडी चूक इथेच होते. 200 लाइन्सपुरते पैसे आहेत. 50 माणसांच्या प्रत्येकी चार घ्यायच्या, की 200 माणसांची प्रत्येकी एक? एकाच माणसाच्या चार लाइन्समध्ये डीएनए जवळजवळ सारखाच असतो. त्या तंत्रातला गोंधळ मोजायला उपयोगी पडतात, पण वैविध्याबद्दल फारसं नवं सांगत नाहीत. काही जणांची दुसरी लाइन ठेवावी. बाकी पैसा नव्या माणसांवर घालावा, हेच शहाणपणाचं. 2017 साली हिपसायने 301 दात्यांच्या 711 लाइन्सची माहिती प्रसिद्ध केली. पेशींच्या वेगवेगळ्या गुणधर्मांत दिसणाऱ्या फरकापैकी 5 ते 46 टक्के वाटा माणसा-माणसातल्या फरकाचा निघाला. उरलेल्यात प्रयोगातला आणि लाइन-लाइनमधला फरक आला. म्हणूनच रुग्णांच्या पेशी एका महिन्यात आणि निरोगी माणसांच्या दुसऱ्या महिन्यात वाढवल्या, तर जे दिसेल ते आजाराचं की महिन्याचं, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

(दृश्य : गुणसूत्रांचा पट, 20 क्रमांकाचं गुणसूत्र मोठं होतं.)

तपासणीच्या पैशाला कधीही कात्री लावू नये. 20 क्रमांकाच्या गुणसूत्राचा एक छोटा भाग या पेशींत वारंवार दुप्पट होतो. त्यात बीसीएल2एल1 हे पेशीला मरू न देणारं जनुक आहे. अशी पेशी बाकीच्यांना मागे टाकते आणि नव्या डिशमध्ये हलवण्याच्या काही फेऱ्यांत डिश तिचीच होते. साध्या कॅरिओटाइपमध्ये, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं पाहण्याच्या चाचणीत, हा तुकडा लहान असल्याने अनेकदा सुटतो, म्हणून डीएनए अ‍ॅरे (डीएनएतल्या असंख्य जागा एकदम तपासणारी चिप) हवाच. त्याच अ‍ॅरेवर नळ्यांची अदलाबदलही पकडली जाते. शिवाय त्वचा उन्हात राहिलेली असते. 2022 च्या एका अभ्यासात त्वचेपासून केलेल्या सुमारे 72 टक्के लाइन्समध्ये अतिनील किरणांनी डीएनएला केलेल्या इजेच्या खुणा सापडल्या. रक्तापासून केलेल्या लाइन्समध्ये ती अडचण नाही, पण बीकॉर जनुकातले बदल मात्र वरचेवर आढळले.

खर्च वाचवण्याची एक चांगली वाट 2021 मध्ये दिसली. 215 दात्यांच्या लाइन्स 7 ते 24 च्या गटांनी एकाच डिशमध्ये मिसळून त्यांच्यापासून मध्यमेंदूतल्या चेतापेशी घडवल्या. दहा लाखांहून अधिक पेशींचा आरएनए (चालू जनुकांची नक्कल) एकेक करून वाचला. कुठली पेशी कुणाची, हे त्या आरएनएतल्याच जनुकीय फरकांवरून ओळखलं. मीडियम एकच, दिवस तोच, हात तोच. तोटा असा, की जोमाने वाढणारी लाइन इतरांना दाबते आणि काही लाइन्स चेतापेशी बनवतच नाहीत. गट करण्याआधी वाढीचा वेग मोजून ठेवावा लागतो.

हिपसायचे दाते बहुतांश युरोपीय वंशाचे. आपल्याकडचं वैविध्य त्यात येत नाही. बंगळुरूमध्ये केंद्र सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि प्रतीक्षा ट्रस्ट यांच्या निधीतून मानसिक आजार असलेल्या कुटुंबांच्या आयपीएस लाइन्स बनवल्या गेल्या आहेत. भारतीय पेशींसाठी असा पैसा अजून कितीतरी लागेल.

(दृश्य : द्रव नायट्रोजनची टाकी, वाफेतून वर येणारा रॅक.)

अर्जात अखेरीस दोन गोष्टी हव्यातच. अनुदान संपल्यावरही उणे 196 अंशांची टाकी भरत राहील अशी बँक. हिपसायच्या लाइन्स ब्रिटनच्या ईसीएसीसी या पेशीबँकेकडे आहेत. आणि संमतिपत्रात पेशी व माहिती इतर संशोधकांना देण्याची परवानगी, पहिला तुकडा घेण्याआधी. ती नसेल, तर प्रत्येक दात्याला पुन्हा शोधून विचारावं लागतं.