अपोलोच्या चौथऱ्यावरचा पर्सिअस

श्रोतेहो, नमस्कार.

आज मी आपल्याशी एका संगमरवरी पुतळ्याविषयी बोलणार आहे. तो आहे रोमला, व्हॅटिकनच्या संग्रहालयात. अंतोनियो कानोव्हा या इटालियन शिल्पकाराने १८०१ साली तो पूर्ण केला. हातात मेड्युसाचे तुटलेले मस्तक धरून उभा असलेला ग्रीक पुराणातला वीर पर्सिअस, हा त्याचा विषय.

पर्सिअसच्या आईवर सेरिफॉस बेटाच्या राजाचा डोळा होता आणि त्यात या तरुण मुलाची अडचण होती. तो परत येऊ नये म्हणूनच राजाने त्याला मेड्युसाचे मस्तक आणायला पाठवले. मेड्युसाच्या डोक्यावर केसांऐवजी साप होते आणि तिच्याकडे पाहणाऱ्याचा दगड होत असे. देवांकडून शस्त्रे आणि पंखांची पादत्राणे मिळवून, चकाकत्या ढालीत तिचे प्रतिबिंब न्याहाळत, पर्सिअसने तिचा शिरच्छेद केला.

हाच प्रसंग चेल्लिनी या शिल्पकाराने १५५४ साली फ्लॉरेन्सच्या चौकात ब्राँझमध्ये उभा केला होता. तिथे मेड्युसाचे धड वीराच्या पायाखाली पडले आहे आणि मानेतून रक्त ओघळते आहे. कानोव्हाने हे सारे बाजूला ठेवले. त्याचा पर्सिअस शांतपणे उभा आहे. डावा हात लांबवून त्याने मस्तक केसांनी धरले आहे, उजव्या हातातली तलवार खाली झुकली आहे, आणि हातावरून वस्त्राच्या चुण्या सरळ उतरल्या आहेत. लढाई संपून गेली आहे. मेड्युसासुद्धा अक्राळविक्राळ नाही. त्या काळी रोममध्येच असलेल्या एका प्राचीन मुखवट्यावरून कानोव्हाने तिला खिन्न, देखणा चेहरा दिला. प्राचीन कलेत उदात्त साधेपणा आणि शांत भव्यता असते, असे जर्मन विद्वान विंकेलमान याने १७५५ साली लिहिले होते, आणि प्राचीन ग्रीक-रोमन कलेला आदर्श मानणाऱ्या कानोव्हासारख्या नवअभिजात शिल्पकारांनी तो जवळजवळ नियमच मानला. मला हा संयम कधी कधी थोडा थंड वाटतो, हे मान्य करतो. पण त्या थंडपणामागचे हातकाम पाहिले की तक्रार मागे पडते.

कानोव्हा आधी मातीचा छोटा नमुना करी, मग पूर्ण आकाराचा, आणि त्यावरून प्लास्टरची प्रतिकृती काढून घेई. त्या प्लास्टरवर ठिकठिकाणी धातूच्या बारीक खुणा ठोकल्या जात. त्या खुणांवरून मोजमाप घेत मदतनीस संगमरवराचा ठोकळा जवळजवळ अंतिम आकारापर्यंत आणून ठेवीत. शेवटचा थर मात्र कानोव्हा स्वतः काढी, आणि तोही पुष्कळदा मेणबत्तीच्या उजेडात, कारण दिवसाच्या पसरट प्रकाशात न दिसणारे उंचसखलपण तिरप्या ज्योतीपुढे लपत नाही. कातडीचा भास देणारी त्याच्या संगमरवराची झळाळी या शेवटच्या थरातून येते.

आता या पुतळ्याच्या नशिबाकडे वळू. नेपोलियनच्या फौजा इटलीत उतरल्या, तेव्हा १७९६ च्या युद्धबंदीत पोपकडून १०० कलावस्तू मागितल्या गेल्या, आणि पुढच्या वर्षी तोलेंतिनोच्या तहाने ती अट पक्की झाली. व्हॅटिकनचा सर्वांत नावाजलेला पुतळा, ग्रीक देव अपोलो याचा ‘बेल्वेदेअरचा अपोलो’, पॅरिसला गेला आणि त्याचा चौथरा रिकामा राहिला. कानोव्हाचा पर्सिअस खरे तर मिलानला जायचा होता. पोप सातवे पायस यांनी त्याला रोमबाहेर जाऊ दिले नाही. तो विकत घेतला आणि थेट अपोलोच्या चौथऱ्यावर चढवला. रोमकर त्याला ‘सांत्वन करणारा’ म्हणू लागले. दोन्ही पुतळ्यांची ठेवण इतकी मिळतीजुळती आहे की कानोव्हाने अपोलोची नक्कल केली, अशी टीका तेव्हाच झाली. टीकेत तथ्य आहे; पण ज्याची उणीव सगळ्या शहराला बोचत होती, त्याच्याशी असलेले साम्यच या पुतळ्याच्या कामी आले, हेही विसरून चालणार नाही.

१८१५ साली वॉटर्लूवर नेपोलियनचा पराभव झाला आणि नेलेल्या कलाकृती परत आणण्यासाठी पोपने पॅरिसला धाडले ते कानोव्हालाच. याच कानोव्हाने मधल्या काळात नेपोलियनचा पुतळाही घडवला होता. फ्रेंचांचे म्हणणे असे की वस्तू तहाने मिळाल्या आहेत, लुटीने नव्हे. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाचा संचालक दनों याने शक्य तितका विरोध केला. तो राजदूत नसून सामान बांधणारा आहे, अशी कानोव्हाची खिल्ली फ्रेंच मुत्सद्दी तालेराँ याने उडवल्याचे सांगतात. पण इंग्रजांचा मुत्सद्दी पाठिंबा आणि नेपोलियनविरोधी दोस्त राष्ट्रांच्या फौजांचा धाक यांपुढे लूव्रला पुष्कळ काही सोडावे लागले. सगळे मात्र नाही: तायबर नदीचा प्रचंड पुतळा आजही पॅरिसमध्येच आहे. १८१६ च्या जानेवारीत अपोलो रोमला पोहोचला आणि आपल्या जागी परत उभा राहिला. म्हणजे पर्सिअसला त्या चौथऱ्यावरून उतरवण्याची व्यवस्था त्याच्याच शिल्पकाराने केली. व्हॅटिकनने त्याला दूर मात्र पाठवले नाही. दोघेही आज एकाच अष्टकोनी चौकाभोवती आहेत.

पॅरिसचे काम आटोपून कानोव्हा लंडनला गेला. तिथे त्याने अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिरावरून ब्रिटिश मुत्सद्दी लॉर्ड एल्जिनने आणलेली शिल्पे पाहिली. याच शिल्पांची डागडुजी करण्याची विनंती एल्जिनने १८०३ साली केली, तेव्हा त्यांना छिन्नी लावणे हा अपराध ठरेल, असे म्हणून कानोव्हाने नकार दिला होता. आता प्रत्यक्ष पाहिल्यावर त्या दगडात त्याला खरेखुरे मांस दिसले, आणि तसे त्याने मोकळेपणाने लिहिले. ज्या अपोलोच्या मापाने पर्सिअसला जोखले गेले, तो अपोलो बहुधा एखाद्या ग्रीक ब्राँझ पुतळ्यावरून रोमनांनी संगमरवरात केलेली प्रत आहे, असे अभ्यासक आज मानतात. पार्थेनॉनची शिल्पे मात्र ग्रीक हातांनी, ग्रीसच्याच संगमरवरात कोरलेली होती. ती पाहिली तेव्हा कानोव्हा ५८ वर्षांचा होता, आणि पर्सिअस पूर्ण होऊन १४ वर्षे झाली होती.