बर्फातला होला

(अंधूक उजेड. बर्फाने झाकलेलं परस.)

डेन्व्हर, कोलोराडो. जानेवारीतली सकाळ. पारा शून्याखाली १४ अंश. रात्रभर पडलेल्या बर्फावर अजून कुणाचंच पाऊल उमटलेलं नाही.

स्वयंपाकघराच्या खिडकीपासून दोन हातांवर दाण्यांचं लाकडी ताट टांगलंय. इतक्या जवळ मुद्दामच. दचकून उडालेला पक्षी काचेवर आदळलाच, तरी तोवर त्याने वेग घेतलेला नसतो.

कुंपणावरून आवाज येतो. कु-कूऽऽ-कु.

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो सोलापूरला, आजोळी. चैत्रातल्या दुपारी बाभळीवर होला घुमू लागला की आजी आतून विचारायची, "पाखरांचं पाणी भरलंस का गं?" इथे आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात तोच आवाज बर्फातून आला आणि मी हातातलं काम टाकून दाराशी धावले. राखी अंग, मानेवर मागच्या बाजूला काळी अर्धी कंठी. तोच!

(होला ताटावर उतरतो.)

हा कंठीवाला होला मूळचा आपल्या भारतीय उपखंडाकडचा. विसाव्या शतकात तो बाल्कन प्रदेशातून युरोपभर पसरला. १९५५ साली त्याने इंग्लंडात घरटं केलं. अटलांटिक मात्र त्याने स्वतःच्या पंखांनी ओलांडला नाही. १९७० च्या दशकात बहामा बेटांवर पिंजऱ्यातून सुटलेले काही होले फ्लोरिडाला पोहोचले आणि तिथून वायव्येकडे सरकत थेट रॉकी पर्वताच्या पायथ्याशी आले.

त्याचं खाणं बघत राहावं असं. दाणा फोडायचा नाही, सोलायचा नाही, अख्खा गिळायचा. दाणे गळ्याखालच्या पिशवीत साठतात. पिशवी भरली की तो झाडावर जाऊन पिसं फुगवून बसतो आणि निवांत पचवतो. उघड्यावर जितका कमी वेळ, तितका जीव सुरक्षित. त्याचा इथला भाऊबंद म्हणजे मोर्निंग डव्ह, टोकदार शेपटीचा, उडताना पंखांतून शीळ घालणारा. त्या जातीच्या एकाच पक्ष्याच्या पिशवीत गवताचे १७,२०० दाणे मोजले गेलेत. हिवाळ्यात त्यांतले बहुतेक दक्षिणेला जातात. मागे राहणाऱ्यांची कधीकधी पायांची बोटं हिमदंशाने झडलेली असतात. असा एक थोटा पाय या ताटाच्या कडेवर मी पाहिलाय. त्या दिवशी मी दाणे दोनदा भरले.

ताटातलं बारीक पांढरं धान्य म्हणजे प्रोसो मिलेट, आपल्या वरईच्या जातकुळीतलं. अमेरिकेत ते पिकवण्यात कोलोराडो आघाडीवर आहे.

(चिकडी येते, एक बी उचलते, जाते.)

ही काळ्या टोपीची चिकडी, आपल्या राखी वल्गुलीची चुलत बहीण. वजन जेमतेम ११ ग्रॅम. एक सूर्यफुलाची बी घेऊन जाते, पायात धरून फोडते, नाहीतर सालीच्या फटीत लपवून ठेवते. थंडीच्या रात्री ती अंगातली ऊब सुमारे १० अंशांनी उतरू देते, म्हणजे साठवलेली चरबी सकाळपर्यंत पुरते. खाली बर्फात उकरताहेत ते जंको, चिमणीएवढे पक्षी.

(अचानक शांतता. ताट रिकामं.)

कूपर्स हॉक. शिक्र्याचा थोरला भाऊ शोभेल असा. होल्यांमागेच येतो तो. कधी बर्फावर राखी पिसांचा झुबका उरतो. मी खिडकी वाजवत नाही. त्यालाही हिवाळा काढायचाय.

मला खरा धाक आहे तो घाणीचा. ओलसर ताटात आजारी पक्ष्याची लाळ मिसळली की होल्यांना घशाचा रोग होतो. दोन वर्षांपूर्वी एक होला डोळे मिटून दोन दिवस कुंपणाखाली बसून राहिला, आणि तिसऱ्या दिवशी गेला. तेव्हापासून दर दुसऱ्या रविवारी नऊ भाग पाणी, एक भाग ब्लीच. ताट घासून धुते आणि पूर्ण वाळल्याशिवाय टांगत नाही. अस्वलं जागी व्हायच्या आत, वसंतात, ते उतरवूनच ठेवते.

(वही, पेन्सिल.)

नोव्हेंबर ते एप्रिल मी मोजणी करते. कॉर्नेल विद्यापीठाची पक्षी प्रयोगशाळा आणि बर्ड्स कॅनडा मिळून अशा घरोघरच्या नोंदी १९८७ पासून जमवतात. नियम साधा: एका नजरेत एकदम दिसले तेवढेच लिहायचे, म्हणजे तोच पक्षी दोनदा मोजला जात नाही. आज चिकडी ३, जंको ११, कंठीवाले होले ६.

(पाण्याचं गरम राहणारं भांडं. वाफ.)

बाकीचे बहुतेक पक्षी चोच बुडवतात आणि मान वर करून घोट उतरवतात. होला चोच पाण्यात ठेवून गाईसारखा ओढून पितो. सातवा आत्ता आलाय.