विंडोज दहानंतर घरच्या कॉम्प्युटरचं काय करायचं?

(वाचनालयाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. हल्ली माझ्याकडे लोक लॅपटॉप पिशवीत घालून येतात आणि विचारतात, "हा आता भंगारातच द्यायचा ना?" उघडून बघावं तर लॅपटॉप व्यवस्थित चालू असतो. कीबोर्ड ठीक, स्क्रीन ठीक, बॅटरीही तासभर टिकते. मग भंगार कशासाठी? तर विंडोज दहाची मुदत संपली आणि हा संगणक विंडोज अकराला पात्र नाही, अशी सूचना आलेली असते. "पात्र नाही" वाचलं की माणूस हबकतो. दुकानदारही म्हणतो, नवा घ्या. यात चांगली यंत्रं घराबाहेर जातात, आणि ज्यांनी खरंच हातपाय हलवायला हवेत ते निवांत बसतात. म्हणून आज बोलायला उभा राहिलोय.

आधी मुदत संपली म्हणजे काय झालं ते बघू. विंडोज दहा २९ जुलै २०१५ ला आलं आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने त्याचे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट थांबवले. कॉम्प्युटर बंद पडला नाही, पडणारही नाही. थांबली ती डागडुजी. कुठल्याही ऑपरेटिंग सिस्टीममध्ये, म्हणजे विंडोजसारख्या कॉम्प्युटर चालवणाऱ्या मूळ प्रणालीत, नवनव्या फटी सापडत राहतात आणि अपडेट त्या बुजवतात. २०१७ च्या मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टने अशीच एक फट बुजवणारा अपडेट दिला. ज्यांनी तो घेतला नाही त्यांच्या मशीनवर मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा किडा पसरला, ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांची कामं ठप्प झाली. जूनमध्ये तीच फट वापरणारा नॉटपेट्या आला, आणि त्याचा फटका आपल्या न्हावाशेव्याच्या बंदरातल्या एका कंटेनर टर्मिनललाही बसला. म्हणून ज्या मशीनवर तुम्ही बँकेचा पासवर्ड टाकता, ते अपडेटविना इंटरनेटला जोडून ठेवू नका, हे मी कळकळीने सांगतो.

घरगुती वापरासाठी एक वर्षाची वाढीव मुदत आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की ती पैसे न देताही मिळते. घाईत निर्णय घ्यायचा नसेल तर जरूर घ्या.

आता त्या "पात्र नाही"कडे येऊ. विंडोज अकरा ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा मागतं, ते बहुतेकांकडे असतं. खरं अडतं दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे प्रोसेसरची पिढी. लॅपटॉपवरचा छोटा स्टिकर किंवा सेटिंग्जमधलं अबाउटचं पान बघा. इंटेलचा आय५-७२००यू लिहिलेला असेल तर सुरुवातीचा सात म्हणजे सातवी पिढी, बाहेर. आय५-८२५०यू असेल तर आठवी, आत. ही दोन्ही मॉडेलं एकाच काळात एकाच काउंटरवर विकली गेली. शेजारी-शेजारी राहणाऱ्या दोन घरांनी एकाच दिवाळीत घेतलेल्या दोन लॅपटॉपांपैकी एक पात्र आणि एक अपात्र, हे मी स्वतः बघितलंय.

दुसरी अडचण टीपीएम २.० ची. कुलपाच्या किल्ल्या सांभाळणारी ही तिजोरी समजा. आठव्या पिढीपासूनच्या बहुतेक मशीनमध्ये ती असते, पण कधीकधी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये, बंद ठेवलेली असते. इंटेलच्या मशीनवर तिचं नाव पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम. ते चालू केलं की कालपर्यंत अपात्र असलेला कॉम्प्युटर आज पात्र ठरतो, एक रुपया न खर्चता. अस्सल विंडोज दहावरून अकरावर जाणंही मोफत आहे. फक्त बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू आहे का ते तपासा. असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की वहीत लिहून घ्या. नंतर स्क्रीनवर तो आकडा मागितला गेला आणि तो कुठेच नसला, तर तुमचेच फोटो तुम्हाला उघडता येणार नाहीत.

तपासणीला बगल देऊन जुन्या मशीनवर अकरा घालायच्याही युक्त्या आहेत. चालतं. पण अशा मशीनला अपडेट मिळण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि आपण हा सगळा खटाटोप अपडेटसाठीच करतोय. क्रॅक केलेल्या विंडोजबद्दल तर माझं मत पक्कं आहे: अँटिव्हायरस बंद केल्याशिवाय जी वस्तू बसत नाही, ती घरात घेऊ नये.

मग सातव्या पिढीवाल्यांनी काय करायचं? इथे माझा उलटा प्रश्न असतो: तुम्ही या मशीनवर काय करता? टॅली वापरत असाल, जीएसटीसाठी डिजिटल सहीचं टोकन लावत असाल, मुलाच्या कोर्सचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालत असेल, तर विंडोजच हवं. वाढीव मुदत घ्या आणि तेवढ्या काळात दुसऱ्या मशीनसाठी पैसे बाजूला टाका. पण ब्राउझर, मेल, यूट्यूब, पत्रं, हिशेबाचा तक्ता, नातवंडांशी व्हिडिओ कॉल एवढंच असेल, आणि बहुतेक घरांत एवढंच असतं, तर लिनक्स मिंट घाला, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम. मिंट २००६ पासून आहे, मोफत आहे, आणि जुलै २०२४ मध्ये आलेल्या मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ, त्यामुळे विंडोजची सवय असलेला माणूस गोंधळत नाही. वर्डच्या फायली लिब्रेऑफिस या वर्डसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडतात. कधी तक्त्याची रेघ सरकते, ते सांगून ठेवतो. आणि जुना लेझर प्रिंटर असेल तर त्याचा मॉडेल नंबर आधी तपासा, काहींचे ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारी सॉफ्टवेअरं, लिनक्सवर फार त्रास देतात.

खर्च करायचाच असेल तर तो एसएसडीवर करा, म्हणजे आत काहीही न फिरणाऱ्या वेगवान डिस्कवर. जुन्या लॅपटॉपमधली फिरणारी हार्ड डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी बसवली, की चालू व्हायला तीन-चार मिनिटं घेणारं मशीन अर्ध्या मिनिटाच्या आत उभं राहतं. "स्लो झालाय" म्हणून आलेल्या दहातल्या आठ तक्रारी माझ्याकडे एवढ्यावरच मिटल्यात.

आता ज्याच्यासाठी मी खरं तर हे व्याख्यान स्वीकारलं, तो विषय. कॉम्प्युटर परत आणता येतो, त्यातलं नाही. आपल्याकडे सी आणि डी असे दोन भाग करायची पद्धत आहे, आणि घरोघरी समज असा की फॉरमॅट फक्त सी होतं, डी सुरक्षित. बहुतेक वेळा बरोबर आहे. पण डेस्कटॉपवर दिसणाऱ्या फायली कुठे असतात? सीमध्ये. डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स? सगळं सीमध्ये. माझ्या मावशीने तिच्या आईच्या ओव्या ऐकून-ऐकून टाइप केल्या होत्या, चाळीसेक पानं, डेस्कटॉपवर एका फाइलमध्ये. दुरुस्तीवाल्याने विचारलं, डीमध्ये ठेवलंय ना सगळं? ती हो म्हणाली, कारण तिला डेस्कटॉप म्हणजे कॉम्प्युटरच वाटत होता. आजी तेव्हा हयात नव्हती. त्या ओव्या गेल्या.

म्हणून विंडोज अकरा घाला नाहीतर लिनक्स, आधी दोन प्रती करा. एक बाहेरच्या डिस्कवर, एक पेन ड्राइव्हवर किंवा ऑनलाइन. आणि त्या प्रतीतल्या पाच-सहा फायली दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. उघडल्या तरच तो बॅकअप.

आपण मराठी माणसं आहोत म्हणून आणखी एक गोष्ट. २००० च्या आसपास टाइप केलेला मराठी मजकूर बहुधा युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांना कळणाऱ्या अक्षरांच्या समान पद्धतीत, नाही. तो डीटीपीच्या, म्हणजे छपाईसाठी वापरायच्या जुन्या फॉन्टमध्ये आहे, म्हणजे फाइलच्या पोटात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच साठवलेली आहेत. त्यांना मराठी रूप देतो तो फॉन्ट. नव्या सिस्टीमवर तो फॉन्ट नसला की वडिलांचं आत्मवृत्त उघडतं ते स्वल्पविराम, कंस आणि रोमन अक्षरांच्या गिचमिडीसारखं. फाइल बिघडलेली नसते, पण लोक ती बिघडली समजून पुसून टाकतात. तेव्हा फॉरमॅट करण्याआधी सी ड्राइव्हमध्ये विंडोजच्या फोल्डरात फॉन्ट्स नावाचं फोल्डर आहे, ते अख्खं कॉपी करून ठेवा. तोच फॉन्ट लिनक्सवरही बसवता येतो. आणि सवड काढून तो मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा. जोडाक्षरं आणि रफार थोडे चुकतात, हाताने दुरुस्त करावे लागतात. बसून करा. त्यानंतर तो कुठल्याही कॉम्प्युटरवर, फोनवर मराठीच दिसेल. टायपिंगचं म्हणाल तर इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांचा प्रमाण कीबोर्ड, शिकलेल्यांना काही अडचण नाही, क-ख-ग ची जागा विंडोजवर आणि लिनक्सवर एकच आहे.

लिनक्स घालण्याआधी ते बघता येतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. या टेबलावरचा लॅपटॉप सातव्या पिढीचा, विंडोज दहाचा आहे. मी त्याला मिंट भरलेला हा पेन ड्राइव्ह लावतो, चालू करताना एफ१२ दाबतो आणि यादीतून पेन ड्राइव्ह निवडतो. काही कंपन्यांत हीच कळ एफ९ किंवा एस्केप असते. बघा, मिंटची स्क्रीन आली. डिस्कला अजून हातही लावलेला नाही, आतलं विंडोज जसंच्या तसं आहे. इन्स्टॉलचं चित्र डेस्कटॉपवर दिसतंय, त्यावर मात्र आत्ता क्लिक करायचं नाही. वाय-फाय जोडा, गाणं लावून आवाज बघा, कॅमेरा उघडा, प्रिंटरची वायर लावून एक पान काढा, मराठी कीबोर्ड घालून स्वतःचं नाव लिहा. नाही पटलं तर बंद करा, पेन ड्राइव्ह काढा, पुन्हा विंडोज.

प्रश्न सगळ्यांसमोर विचारण्यापेक्षा इथे पुढे या. मागच्या रांगेतल्या काकूंनी लॅपटॉप आणलेला दिसतोय. काकू, चार्जरही घेऊन या, आणि आधी मला सांगा, डेस्कटॉपवर काय-काय ठेवलंय?