राक्षसाच्या मेकअपखालचा सावळा चेहरा

सपाट डोकं, जड पापण्या, मानेला दोन्हीकडून बोल्ट. १९३१ च्या 'फ्रँकेनस्टाईन'मधला हा राक्षस ज्यांनी सिनेमा बघितला नाही त्यांनाही माहीत असतो, पण सुरुवातीच्या टायटल्समध्ये त्याच्यासमोर नटाचं नावच नाहीये, नुसतं प्रश्नचिन्ह आहे.

तो नट म्हणजे बोरिस कार्लॉफ. खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट, जन्म १८८७ चा, लंडनचा. वडील अँग्लो-इंडियन, भारतात सरकारी मीठ खात्यात नोकरी केलेले, आणि आईकडूनही भारतीय रक्त. सयामच्या (आताच्या थायलंडच्या) राजाच्या मुलांना शिकवायला गेलेली अ‍ॅना लिओनोवेन्स ही त्याच्या आजीची सख्खी बहीण, आणि तिचा जन्म १८३१ मध्ये आपल्या अहमदनगरला झाला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला! बाईंनी मात्र जन्मभर सांगितलं की मी वेल्सची. त्या काळच्या गोऱ्या समाजात अशा घरातल्या माणसाला बरोबरीने कोण बसवणार होतं, म्हणून लपवलं, मला त्यात तिचा दोष वाटत नाही.

हॉलिवूडला कार्लॉफचा सावळा रंग बरोबर दिसला. मूकपटांत कधी अरब कर, कधी हिंदुस्थानी कर, बहुतेक वेळा व्हिलनच. मग १९३२ ला 'द ममी' आला. त्यातला सुरुवातीचा सीन नीट बघा, शवपेटीत उभी ममी, पापणी जरा किलकिली होते, मग टेबलावर फक्त एक हात येतो आणि शेवटी दारातून फरपटत जाणारी पट्टी, बास, एवढ्यावर माणूस गारठतो. काय ताकदीचा नट होता! आणि त्याच वर्षी 'द मास्क ऑफ फू मांचू'मध्ये त्याच माणसाला डोळे ताणून फू मांचू हा कादंबऱ्यांतला चिनी व्हिलन केलं, आणि त्याच्या मुलीच्या रोलमध्ये मॉन्टानाची गोरी मर्ना लॉय. खरंतर चिनी वंशाची अमेरिकन नटी अ‍ॅना मे वाँग तिथेच होती, तिने वर्षभर आधी फू मांचूच्या मुलीचं काम केलंही होतं. मला हा सिनेमा बघवत नाही.

'द ममी'मध्येच अजून एक माणूस आहे ज्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, नोबल जॉन्सन. कृष्णवर्णीय नट, १९१६ मध्ये स्वतःची लिंकन मोशन पिक्चर कंपनी उभी करणाऱ्यांपैकी एक, कृष्णवर्णीयांनी कृष्णवर्णीयांसाठी काढलेली. इथे त्याच्या पात्राला नावसुद्धा नाही, नुसतं 'द नुबियन' (नाईलकाठच्या नुबिया भागातला माणूस), ममीच्या हुकमातला नोकर. आणि १९३२ च्याच 'द मोस्ट डेंजरस गेम'मध्ये त्याला चेहरा रंगवून गोरा कोसॅक, म्हणजे रशियाकडचा लढवय्या, केलाय. म्हणजे रंग कुणी कुठला लावायचा हे ठरवणारे कायम दुसरेच.

हे बदलायला ४० वर्षं गेली. १९७२ चा 'ब्लॅक्युला', दिग्दर्शक विल्यम क्रेन आणि हीरो विल्यम मार्शल, दोघंही कृष्णवर्णीय. नाव ऐकून स्वस्तातला माल वाटतो, पण मार्शल शेक्सपिअर केलेला माणूस, त्याने आग्रह धरून आपल्या पात्राला पूर्वायुष्य मिळवून दिलं: आफ्रिकेचा राजपुत्र मामुवाल्डे, जो १७८० मध्ये गुलामांचा व्यापार थांबवायला मदत मागत ड्रॅक्युलाच्या किल्ल्यावर जातो आणि ड्रॅक्युला त्याला चावतो, शाप देतो, वर आपलंच नाव चिकटवतो.