खाडीचा गाळ

ओहोटी लागली की दाभोळच्या खाडीचे काठ उघडे पडतात आणि राखाडी चिखल, त्यातून वर आलेली तिवरांची, म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या झाडांची, श्वासमुळे व चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या हे छोटे मासे दिसू लागतात. अनेकांना ही जागा ओसाड वाटते. खरे तर कोकणातील फार थोड्या जमिनी एवढ्या अखंड कामाला लागलेल्या असतील.

हा चिखल आला कोठून? सह्याद्रीत उगम पावलेली वाशिष्ठी नदी सुमारे ७० किलोमीटरांतच याच खाडीतून समुद्राला मिळते. पावसाळ्यात ती डोंगरउतारांवरची माती आणि कुजलेला पालापाचोळा घेऊन वेगाने खाली येते. खाडीत भरतीचे पाणी तिला थोपवते आणि खाऱ्या पाण्यात मातीचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून, जड होऊन तळाशी बसतात. या गाळातील जिवाणूंवर आणि शेवाळावर खेकडे, कोळंबी व शिंपले जगतात, आणि त्यांच्यावर मासे व पाणपक्षी. कोयनेच्या वीजनिर्मितीनंतरचे पाणीही याच नदीत सोडले जाते, त्यामुळे भर उन्हाळ्यातही येथे गोडे पाणी येत राहते. पाणी कोठवर गोडे आणि कोठून खारे, यावर कोणता जीव कोठे राहील हे ठरते.

गाळात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून तिवराची मुळे जमिनीबाहेर येऊन हवा घेतात. नको असलेले मीठ त्याची पाने बाहेर टाकतात. पान चाटून पाहिले तर ते जिभेला लगेच कळते. कांदळ या खाडीकाठच्याच दुसऱ्या झाडाचे बी तर झाडावरच रुजते आणि लांबट कोंब होऊन खाली पडते. प्राणवायूच नसल्यामुळे गळलेली पाने व मेलेली मुळे फार सावकाश कुजतात आणि त्यांतील कर्ब (कार्बन) शतकानुशतके गाळात अडकून राहतो. गाळ उपसला की तोच कर्ब पुन्हा हवेत जाऊ लागतो.

रायगडच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात, ज्याला मोठा मान आहे, तो जिताडा मासाही खाडीचेच अपत्य आहे. त्याची मादी खाडीच्या मुखाजवळ अंडी घालते आणि पिल्ले भरतीबरोबर आत येऊन कांदळवनाच्या, म्हणजे तिवर-कांदळांच्या रानाच्या, आसऱ्याने वाढतात. हा मासा आधी नर असतो व मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणून मोठे जिताडेच सगळे पकडले गेले, तर अंडी घालणारे कोणी उरत नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राज्यभरातील कांदळवनाच्या तोडीला बंदी घातली आणि भोवतालच्या ५० मीटर पट्ट्यात बांधकामास मनाई केली. तरीही काठांवर भराव पडताना दिसतात, आणि भरावाखाली गेलेला चिखल सहसा परत मिळत नाही.

रत्नागिरीजवळ काळबादेवीच्या खाडीत ओहोटीला बायका टोपल्या घेऊन उतरतात आणि गाळ चाचपून शिंपले काढतात. सुमारे सहा तासांत पाणी पुन्हा चढते. टोपली त्याआधी भरायची असते.